गाडीला बांधलेला आवाज

पहिल्या धडकेत माझी चूक नव्हती, हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगते. सोयाबीन काढणीला आलेलं, दिवस नुकताच वर आलेला, आणि मी रेणापूर सोडून उदगीरच्या रस्त्याला लागलेली. गाडीचा वेग पन्नासच्या आत. डाव्या हाताच्या तुरीतून एक हरणी उसळली ती थेट माझ्या दिव्यावर. मी करकचून ब्रेक दाबला. ती पडली, उठली, आणि तीन पायांवर लंगडत पलीकडच्या सोयाबीनमध्ये दिसेनाशी झाली. दिवा फुटला, बंपर एका बाजूनं लोंबायला लागला. मी खाली उतरले आणि ती गेली त्या दिशेनं दोन शिव्या हासडल्या. मग गाडीत बसून अर्धी बाटली पाणी प्यायले आणि गाडी पुढं काढली.

मी नर्स होते. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी आवाजाच्या जोरावर. वॉर्डात मी दारातून ओरडले की खाटेवर बसलेले सोयरे उठून उभे राहायचे. निवृत्त झाले तोवर यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात. मी रेणापूरपासून तीन किलोमीटरवर, रस्त्याला लागून असलेल्या आमच्या शेतात दोन खोल्या बांधल्या आणि तिथंच राहिले. शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं कसायला दिलं. गावात मला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही, सगळ्यांची मी नर्सबाई. माझं नाव घेणारी एकच, माझी आक्का, आणि ती देगलूरला.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. पोरीला नर्सिंगला पाठवायचं नाही म्हणून बाप अडून बसला, तेव्हा माहेरपणाला आलेली आक्का दोन दिवस जेवली नव्हती. तिच्यामुळं मी शिकले. अडीच वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज येतो, पण शब्दाचं तोंड उगवत नाही, शेपूट तेवढं बाहेर पडतं. तिचा मुलगा आडतीच्या दुकानात दिवसभर, सून घरात. दोघंही बरी माणसं. पण आक्का काही सांगायला लागली की ती कावरीबावरी व्हायची. पाणी पाहिजे का? पंखा लावू? कूस बदलू? आक्का डोळे मिटून घ्यायची. तिचं बोलणं मला एकटीला समजायचं.

म्हणून दर गुरुवारी मी देगलूरला जायची. अडीच-तीन तास जायला, तेवढेच यायला. दिवसभर तिच्या उशाशी बसायचं, तिचे केस विंचरायचे, आणि आठवडाभर तिच्या पोटात साचलेलं ऐकायचं. भाऊजी असतानाची, वरवंट्यावरून झालेली भांडणं, शेजारणीनं नेलेला आणि परत न दिलेला पाटा, कुठं काय दुखतं ते. ती बोलायची, मी सुनेला सांगायची. एसटीनंही जाऊन बघितलं. दोन गाड्या बदलायच्या, गुडघे हे असे, आणि परतीची शेवटची गाडी चुकली की मुक्काम. भाड्याची गाडी केली तर ड्रायव्हर दुपारपासूनच बाहेर हॉर्न वाजवत बसायचा. आक्काला एक वाक्य बोलायला पाच मिनिटं लागतात, त्यात हॉर्न.

तर ही माझी गाडी गेली की आक्काचं बोलणं गेलं, असा साधा हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर माझंही गेलं. बाकीचे सहा दिवस मी दूधवाल्याशी चार शब्द बोलायची, तेही दुधात पाणी आहे म्हणून.

धडक झाल्याचं मुलाला सांगायचं नव्हतं, पण बोलता बोलता तोंडातून गेलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी सवाई ओरडले असते. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, पुन्हा एकदा कशालाही धडकलीस तर गाडी विकायची. मला शब्द दे." मी दिला. शब्द द्यायला काय लागतं, असं त्या वेळी वाटलं.

आठच दिवसांत त्यानं पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत अंगठ्याएवढ्या दोन काळ्या प्लास्टिकच्या शिट्ट्या. बंपरला चिकटवायच्या. गाडीनं वेग घेतला की वारा आत शिरतो, शिट्टी वाजते, जनावरांना ऐकू येते आणि ती रस्त्यातून बाजूला होतात. माणसाला मात्र ऐकू येत नाही. मी कागद दोनदा वाचला. बत्तीस वर्षांत मी नाना तऱ्हेची औषधं पाहिली, पण लागू पडलं की नाही हे रोग्यालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही कळत नाही, असलं औषध पहिल्यांदाच बघत होते.

गावातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीनं त्या चिकटवून दिल्या. माझी गाडी तोच बघतो. त्याच्या चारही लेकरांचं बाळंतपण माझ्या हातचं, त्यामुळं माझ्या शब्दाबाहेर नाही, पण जीभ तिखट. त्यानं एक शिट्टी तोंडाला लावून फुंकून बघितली, कानाशी धरली, पुन्हा फुंकली. मग म्हणाला, "बाई, ही वाजून राहिली का न्हाई, ते इचारायचं कोणाला? हरणालाच इचारावं लागतंय."

मग आम्ही हरणालाच विचारायला गेलो. आमच्या शेतामागं माळ आहे, तिथं सकाळी पंधरा-वीस हरणांचा कळप चरायला असतो, मध्ये एक काळवीट. मी बाभळीखाली दगडावर बसले आणि मिस्त्रीनं माळाच्या कडेच्या रस्त्यानं गाडी पळवली. एकदा पन्नासनं, एकदा साठनं, एकदा त्याच्याही पुढं. पहिल्या खेपेला एका हरणीनं मान वर केली आणि खाली घातली. दुसऱ्या खेपेला कोणी मानही वर केली नाही. तिसऱ्या खेपेला सगळा कळप उधळला, मला वाटलं जिंकलो. तर मागून कोणाचं तरी कुत्रं येत होतं. मग आम्ही कुत्र्यावरही करून पाहिलं. ते गाडीच्या चाकामागं भुंकत धावलं, पण ते तर शिट्टी नव्हती तेव्हाही धावायचं.

ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे. त्यांना जाऊन विचारलं. ते भले गृहस्थ, हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की या शिट्ट्यांनी धडका थांबतात असं पटण्यासारखं काही त्यांच्या तरी वाचनात आलेलं नाही. एक तर टायरच्या आणि इंजिनाच्या आवाजात तेवढीशी शिट्टी बुडून जाते. आणि समजा ऐकू आलीच, तरी हरणानं तिला का घाबरावं? वाघाची डरकाळी त्याला कळते, कुत्र्याचं भुंकणं कळतं. ही शिट्टी म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलंय? "बाई, भीती शिकावी लागते," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकून मी गप्प घरी यायला पाहिजे होतं. पण अर्धं ऐकायचं आणि पूर्ण डोकं चालवायचं, ही माझी जुनी खोड. वाटेतच मला वाटलं, अरे, मग आमच्याकडच्या हरणांनी एक आवाज शिकलेलाच आहे की. माझा.

त्याचं असं झालं होतं. आमच्याकडं आता शेतात राखण करायला माणूस मिळत नाही, म्हणून सगळ्यांनी भोंगे लावलेत. खांबावर एक भोंगा, वर सोलरची पाटी, आत मेमरी कार्ड. दर थोड्या वेळानं तो आपोआप बोंब मारतो. बाजारात भरलेलं कार्ड मिळतं, त्यात कुत्री भुंकतात, वाघ गुरगुरतो, फटाके वाजतात. मला ते वाघाचं नाटक पटलं नाही. मी मोबाइलवर माझाच आवाज भरला. "हाऽऽड! हुर्रर्र! निघा इथून, मेल्यांनो, तुमच्या बापाचं रान आहे का?" असं बरंच काही, वॉर्डातलं सगळं वैभव त्यात ओतलं. मृगात तो भोंगा रस्त्याच्या कडेच्या खांबावर चढवला. पहिल्या आठवड्यात हरणं आणि रोही, म्हणजे नीलगाई, अशी पळाली की बटईवाल्यानं मला हात जोडले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण मला त्याचा मोठा अभिमान वाटला.

पुढं पुढं त्या भोंग्याची मला घरात सोबत व्हायला लागली, हे सांगायला लाज वाटते. दुपारी वरण उकळत असायचं, बाहेर कोणी नाही, आणि शेताच्या टोकाकडून आवाज यायचा, निघा इथून. कधी कधी मी आतून उत्तर द्यायची, निघते की, कुठं जाऊ सांग. दिवसभर माझ्याशी बोलणारी बाई एकच, आणि तीही मीच.

दिवाळीनंतर बटईवाला एकदा म्हणाला होता की खांबाजवळचा हरभरा खाल्लेला दिसतो, हरणं भोंग्याखालीच चरून राहिलीत. मी त्यालाच झापलं. स्वतः झोपा काढायच्या आणि माझ्या भोंग्याला नावं ठेवायची. मी स्वतः खांबापर्यंत जाऊन बघायला पाहिजे होतं. घरापासून तो काही कोसावर नव्हता. पण मी गेले नाही, कारण मला तो ऐकू येत होता, आणि ऐकू येतोय म्हणजे चालू आहे, एवढंच मी धरून चालले होते.

तर मी मिस्त्रीला सांगितलं की शिट्ट्या राहू दे, गाडीला भोंगा बसव. त्यानं डोक्याला हात लावला. पण बसवला. पुढच्या जाळीमागं लहान भोंगा, त्यात त्याच आवाजाचं दुसरं मेमरी कार्ड घातलेलं, आणि गिअरजवळ चालू-बंद करायचं बटण. पहिल्या गुरुवारी मी गावातून निघाले तर पानटपरीवरची माणसं उठून उभी राहिली. नर्सबाई, कोणत्या पक्षाकडून उभ्या राहिलात, असं एकानं विचारलं. मी भोंगा बंद न करता पुढं गेले, त्यामुळं उत्तर त्याला भोंग्यानंच दिलं.

आणि सांगते, चालला. नळेगावकडं रस्त्यात मोर होते, ते उडाले. शेळ्या बाजूला झाल्या. उदगीरच्या पुढं दोन हरणं रस्त्याकडं येत होती, ती आवाज ऐकून उलट्या पावली माळावर गेली. मी आक्काला हे सांगितलं तेव्हा ती अर्ध्या तोंडानं इतकी हसली की सून स्वयंपाकघरातून धावत आली. आत्यांना काय झालं, म्हणून विचारायला लागली; सासूला ती आत्या म्हणते. मी म्हटलं, काही नाही, आमचं आमचं आहे. हे वाक्य मी नेहमी म्हणायची. सून परत आत जायची.

तीन-चार गुरुवार असे गेले. भोंगा बोंबलत होता आणि माझा पाय हलका होत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पूर्वी मी रानाच्या रस्त्याला पन्नासच्या वर जायची नाही, दोन्ही बाजूंना बघत जायची. आता काटा सत्तरला टेकायला लागला. बघायचं कशाला, सांगणारा पुढं बसलाय की.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी देगलूरहून परतत होते, दिवस मावळायला आला होता, पण उजेड चांगला होता. माझं शेत आलं. घर दिसायला लागलं. भोंगा चालू होता. रस्त्याच्या कडेला, माझ्याच हरभऱ्यात, तो कळप उभा दिसला. मी पाहिलं, नाही असं नाही. मनात म्हटलं, आता पळतील. त्यांनी माना वर केल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि पळाली नाहीत. पुढची हरणी रस्त्यावर आली ती चालत. दावणीवरून पाण्याला निघालेल्या शेळीसारखी, सावकाश. मी ब्रेकवर पाय दिला तेव्हा फार उशीर झाला होता.

ती डांबरावर पडली होती. मी धावत गेले. मी नर्स आहे, मला हात लावताच कळलं, पण तरी मांडी घालून बसले आणि मानेखाली बोटं ठेवली. ठोका होता, मग तुटक झाला. तिचा डोळा उघडा होता. आणि एवढ्यात गाडीच्या भोंग्यातून माझा आवाज आला, निघा इथून. तो संपायच्या आत शेतातल्या खांबावरून आला, निघा इथून. दोन्ही आवाज माझे, एकापाठोपाठ एक, आणि मध्ये मी तिची मान धरून बसलेली. मला उठून गाडीपर्यंत जाऊन बटण बंद करायचं होतं, पण तिला सोडवेना. तीन-चार वेळा दोघांनी हाकललं. मग तिचा ठोका थांबला. मी उठले, बटण बंद केलं, आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. यजमान गेले तेव्हा लोक होते म्हणून नीट रडता आलं नव्हतं. त्या दिवशी कोणी नव्हतं.

मग मी वनखात्याला फोन लावला. वनरक्षक येईपर्यंत मी खांबाकडं गेले. तिथं जे दिसलं ते मी महिना-दीड महिना आधी बघायला पाहिजे होतं. खांबाच्या भोवती हरभरा पार खुडून खाल्लेला. लेंड्यांचा सडा. आणि भोंग्याच्या बरोबर खाली माती दबून गुळगुळीत झालेल्या जागा, बसायच्या. हरणं तिथं झोपत होती. कुत्रं तिथं येत नाही, माणूस येत नाही, बटईवालासुद्धा माझ्या शिव्या ऐकायला नको म्हणून त्या बाजूला फिरकत नसे. सहा महिने तो आवाज त्यांच्यावर ओरडला आणि एकदाही एक खडासुद्धा आला नाही. डॉक्टर म्हणाले होते भीती शिकावी लागते. या हरणांनी माझ्या आवाजापासून दुसरंच काही शिकून घेतलं होतं. हा आवाज जिथं आहे तिथं आपल्याला धोका नाही, हे. दूरच्या रानातली हरणं पळाली, कारण ती मला ओळखत नव्हती. ही ओळखत होती.

माझ्या आवाजावर भरवसा ठेवून ती रस्त्यावर आली होती. दुसरं काही मला पटत नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी कदाचित दुसरं कारण सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही.

वनरक्षकानं पंचनामा केला. मी वेग सांगितला, भोंग्याचंही सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि त्याची माणसं हरणीला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बंपर सरळ केला, भोंगा न सांगता काढून ठेवला. शेतातला मी बटईवाल्याकडून उतरवून घेतला. उतरवताना तो एका शब्दानं म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. त्या रात्रीपासून शेत गप्प झालं आणि मला झोप येईना.

आता खरी गोष्ट. पुण्यात कोणाला काही कळलेलं नव्हतं. गाडी पुन्हा पहिल्यासारखी दिसत होती. मिस्त्री म्हणालाच, "बाई, भैय्याला कशाला सांगायलाव? मी काय बोलणार न्हाई." पाच दिवस मी हेच घोळवत होते. आक्कासाठी गप्प बसायचं, त्यात काय एवढं. मुलाचा रोज फोन यायचा, गाडी नीट चालव म्हणायचा, आणि मी हो म्हणायची. पण रस्त्यावरचा तो डाग अजून पुसला नव्हता, आणि दूध घेताना, तुळशीला पाणी घालताना मला तो दिसायचा. एकीनं माझ्यावर भरवसा ठेवला तिचं काय झालं ते बघितलं होतं. पोटच्या पोराचंही तेच करायचं का? बुधवारी संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी विचारलं, आई, तुला लागलं नाही ना? मीच म्हटलं, गाडी विकते, पण महिनाभर दे, आक्काला सांगू दे. तो हो म्हणाला.

गुरुवारी मी चाळीसनं गाडी चालवत देगलूरला गेले. पोचायला दुपार झाली. आक्काला हरणीचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, गाडी विकणार म्हणून सांगितलं. सून दारात भांडं घासत उभी होती, हात राखेनं भरलेले. आक्का छताकडं बघत राहिली. मग बोलली. तिला ते वाक्य जुळवायला लई वेळ लागला.

"आत्या काय म्हणाल्या?" सुनेनं विचारलं.

आमचं आमचं आहे, हे ओठावर आलं होतं. मी गिळलं. म्हटलं, "ती म्हणते, मग माझं ऐकणार कोण."

सुनेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "मला शिकवा की मावशी. अडीच वर्षं झाली. तुम्ही मला एकदाही शिकवलं न्हाई."

मला राग आला. बत्तीस वर्षं नर्सगिरी करून, अशा किती पेशंटच्या नातेवाइकांना मी किती गोष्टी शिकवल्या. मग हिला का नाही? याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते चांगलं नव्हतं. आक्काचं बोलणं फक्त मला समजतं, हे मला हवं होतं. दर गुरुवारी त्या घराच्या दारात गाडी थांबली की कोणीतरी माझी वाट बघत असायचं. हे दुसऱ्या कोणाला कळायला लागलं असतं तर मी कशाला लागणार होते? सून कावरीबावरी होऊन आत जायची तेव्हा मला आत कुठंतरी बरं वाटायचं. एवढी मी मोठी.

मी तिला हात धुवून यायला सांगितलं आणि आक्काच्या डाव्या बाजूला बसवलं. ओठांकडं बघू नकोस, ते फसवतात, डोळे बघ. आक्काला ज्याच्याबद्दल बोलायचं असतं तिकडं तिची नजर आधी जाते. शब्दाचं शेपूट येईल, तोंड तू मनात लाव. आणि पाणी का, पंखा का, असलं मध्ये विचारू नकोस. एक विचारलंस की तिचं जुळवलेलं मोडतं. गप्प बस. पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं. सुनेनं मान हलवली आणि खरोखर गप्प बसली. पहिल्या दिवशी तिला दोन गोष्टी कळल्या. त्यापुढच्या गुरुवारी कितीतरी. तिसऱ्या गुरुवारी आक्का काही बोलली आणि माझ्या आधी सून हसली. मी आक्काची वेणी घालत होते. मी घालत राहिले, पण आक्का काय बोलली ते माझं निसटलं होतं, आणि मी विचारलंही नाही.

गाडी लातूरच्या एका माणसानं नेली. मी फाटकात उभी राहून ती वळेपर्यंत बघितली.

आता मी तीन महिन्यांतून एकदा एसटीनं जाते, मुक्काम करते. बाकी गुरुवारी फोन. सून फोन आक्काच्या कानाला लावते. मी बोलते, शेताचं सांगते, गुडघ्याचं सांगते. आक्का ऐकते, मध्ये आवाज करते. फोनवर डोळे दिसत नाहीत, त्यामुळं मला काही कळत नाही. मी हूं, हूं करते.

परवाच्या गुरुवारी तिचा आवाज लांबलचक आला. चढला, थांबला, पुन्हा आला. मी कान दाबून ऐकलं. मग सुनेला म्हटलं, अगं, काय म्हणतेय ती? नीट सांग मला.

सून पलीकडं हसत होती. "काही न्हाई मावशी, तुम्हाला न्हाई, मला म्हणून राहिल्यात. फोन ठेव म्हणतात, चहा गार व्हायलाय."

मी म्हटलं, बरं. ठेव मग.